रकाना

पालये पंचायतीच्या नोंदवहीत
गुरांना रकाना आहे, कुत्र्यांना आहे,
माकडांनी पाडलेल्या नारळांनासुद्धा आहे.
घोड्यांना नाही.
म्हणून मी 'इतर'खाली लिहिलं: तट्टं, अंदाजे अकरा,
आणि 'अंदाजे' खोडलं, कारण ती मी मोजली होती
सड्यावर उभा राहून, सलग तीन सकाळी.

आली तेव्हा दोनच होती.
इनास फर्नांडिसने बेळगावकडून टेम्पोत घालून आणलेली,
एकाच्या पाठीवर शेंदरी झूल, दुसरीच्या निळी.
हरमलच्या वाळूत एका फेरीचे शंभर रुपये.
रशियन पोरं आयाळ धरून किंचाळायची.
मग किनाऱ्यावर घोडे बंद, असा कागद निघाला.
तोही मीच टंकला होता.
इनासने ती वर नेऊन सोडली
आणि दावी तेवढी घरी परत आणली.
नायलॉनची होती, चांगली होती.

सड्यावर कोण कुणाला विचारतो?
जांभ्याच्या भेगांतून गवत,
चिऱ्यांच्या बंद खाणीत मे महिन्यातही पाणी.
दोनांची चार झाली, चारांची सात.
बापाने लेक ओळखली नाही, भावाने बहीण.
शेवटच्या दोन शिंगरांचे गुडघे आत वळलेले;
ती उभी राहिली की वाटे,
कुणीतरी घाईघाईत काढून टाकलेलं चित्र.

मग सुभद्रा शेटगावकरचे अळसांदे गेले.
मग रात्री वळणावर पोदेराची सायकल आडवी.
पाव रस्ताभर, आणि ती शांतपणे पाव खाताहेत.
ग्रामसभेत इनास उठून म्हणाला,
"तीं म्हजीं न्हय,"
आणि ते खरंही होतं, त्याची दोनच होती.

पेपरात दिलं: तट्टं, मोफत, स्वतः येऊन न्यावीत.
म्हापशाचा बँडवाला आला. त्याला पांढरंच हवं होतं.
एक तो घेऊन गेला, अर्धं पांढरं,
उरलेलं रंगवू म्हणाला.
मांद्र्याच्या रिसॉर्टने एक नेलं, फाटकाशी उभं करायला.
नंतर दोन आठवडे फोनच वाजला नाही.

डॉक्टर प्रणिता कुंकळकर जीपमधून उतरल्या,
सड्याकडे बघत म्हणाल्या,
"सहा वर्षांपूर्वी एकाला खच्ची केलं असतं
तर आज तुम्ही मला बोलावलं नसतं."
शिंगरांचे गुडघे त्यांनी दोन्ही हातांनी चाचपले.
बराच वेळ.
मग मला म्हणाल्या, गूळ आहे का?
मी शिपायाच्या चहाच्या डब्यातला आणला.
दोघांनीही माझा तळहात
सुईच्या नंतरही काही क्षण चाटला.
साबणाने धुतला मी हात, दोनदा. हिशेब लिहायचा होता.

सहा गोकाकच्या बसाप्पाच्या ट्रकात चढली.
कुठे नेणार, हे त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही, कारण पावतीत
त्याची जागाच नव्हती.
"इतकीच?" त्याने विचारलं.
खाणीच्या पाण्यात, पोटापर्यंत बुडून,
निळ्या झुलीवाली उभी होती, नुसते कान दिसत होते.
"इतकीच," मी म्हणालो.

वहीत: शिल्लक, शून्य.
खाली सही, शिक्का, तारीख.
त्या रात्री मला बरं वाटलं, हे कबूल करतो.
एक तरी, असं काहीसं.
तिचं पोट वाढलेलं होतं.
मी म्हटलं, नवं गवत.

दिवाळीनंतर काजूच्या पलीकडे
ती दिसली, आणि तिच्यामागे,
तिच्याच सावलीत पाय टाकत, एक.
चतुर्थीनंतर कधीतरी झालं असावं.
चांगलं वितभर कानांचं. शेपटी झटकत होतं.
मी लांबूनच पाहिलं.
गुडघे बघायला जवळ गेलो नाही.